आठ की बारा

"तिला विचार, जंगल दाट आहे की विरळ," सुहास म्हणाला. समोर लॅपटॉप, नाकावर चष्मा, आणि चेहरा असा की जणू ब्रॅकनेलच्या ऑफिसातले सगळे सर्व्हर एकदम झोपलेत.

"तूच विचार ना. तुझीच मुलगी आहे ती."

"तू विचार, शैला."

मग मी व्हॉट्सॲप उघडायचं आणि मालविकाला लिहायचं, बाबा विचारतोय, जंगल दाट का गं? तिचं उत्तर यायचं, खाली दाट, वर मोकळा डोंगर. ते मी मोठ्यानं वाचायचं. सुहासनं हं म्हणायचं आणि पुढचा प्रश्न टाकायचा. उजेड किती असतो? पाऊस? चष्मा लावून बघते की काढून? महिनाभर हाच तमाशा. बापाला मुलीसाठी दुर्बीण घ्यायची होती आणि मी बसले होते मधे पोस्टमनसारखी. एकदा वैतागून म्हटलं, "माझा पगार ठरवा दोघं मिळून." तर हसलासुद्धा नाही.

त्यांचं बोलणं बंद झालं ते गेल्या वर्षीच्या भीमजयंतीला. आमची मालविका इंग्लंडात, रीडिंगमध्ये जन्मलेली, शाळा इथली, अकाउंटन्सीची चांगली नोकरी. ती सोडून ही बया गेली स्कॉटलंडला, पर्थच्या पुढे, एका जंगलात डिअर मॅनेजर म्हणून. मॅनेजर कसलं डोंबलाचं! हरणं मोजायची आणि जास्त झाली की रायफलीनं मारायची. तिकडे लांडगे उरले नाहीत, हरणं वाढतात, कोवळी झाडं खाऊन टाकतात, मग उपाशी मरतात. हे सगळं तिनं आम्हाला नीट समजावलं होतं. मला अर्धंमुर्धं पटलंही होतं. सुहासला नाही. तो दर रविवारी आमच्या बौद्ध मंडळाच्या हॉलवर वंदना घेणारा माणूस, चाळीस पोरांना पंचशील शिकवलेलं, आणि पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं. जयंतीला मालविका फुलं घेऊन बुद्धमूर्तीकडे निघाली, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या हातानं गोळी झाडतेस त्या हातानं फूल वाहू नकोस."

पोरीनं फुलं खुर्चीवर ठेवली आणि सरळ स्टेशन गाठलं. मी त्या रात्री सुहासशी इतकी भांडले की शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं भिंत वाजवली.

आणि मग या जूनमध्ये डॉक्टरनं सांगितलं, पार्किन्सन्स. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, घाबरू नका. घाबरू नका म्हणायला तिचं काय जातंय? घरी येताना सुहासनं कारमध्येच माझ्याकडून शब्द घेतला.

"मालूला सांगायचं नाही. आधी माझं नि तिचं जमू दे. आजाराचं कळलं तर ती दया येऊन परत येईल. मला दया नको."

"अरे, मुलगी आहे ती! दया काय, दया?"

"शब्द दे."

दिला. तेव्हापासून फोनवर ती विचारायची, बाबा कसा आहे? मी म्हणायची, मजेत, दुर्बिणी बघतोय. माझ्या पोटच्या पोरीशी मी रोज खोटं बोलत होते.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. लंडनहून पर्थची ट्रेन, माझ्या बॅगेत वेम्बलीचं ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी, त्याच्या मांडीवर दुर्बिणीचा खोका. वर ठेवायलाही तयार नाही. वाटेत मला सांगत होता, "आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं ते. लोक आठ घेतात, दहा घेतात. मी बारा घेतली. घ्यायची तर चांगलीच घ्यायची."

"तिला विचारलंस का, कुठली पाहिजे?"

"सरप्राईज आहे."

आता बघा, महिनाभर जंगलाची नाडी तपासली, आणि शेवटी घेतली ती सगळ्यात मोठ्या आकड्याची. मुलं परीक्षेला बसली की आम्ही पहिला प्रश्न मार्क किती हाच विचारतो, तशातली गत. पण मी बोलले नाही. निदान तो तिच्यासाठी काहीतरी घेऊन निघाला होता.

स्टेशनवर मालविका चिखलानं माखलेली पिकअप घेऊन आली. मला घट्ट मिठी मारली. बापाला म्हणाली, "हाय बाबा." तो म्हणाला, "हाय." झालं. दीड वर्षाचं बोलणं एवढ्यात उरकलं.

तिचं घर जंगलाच्या तोंडाशी. मी भाकरी थापल्या, जेवणं झाली, तेव्हा सुहासनं खोका पुढे सरकवला. तिनं उघडला. चेहरा फुलला, आणि मग आकडा वाचून जरा थबकली.

"ट्वेल्व्ह? बाबा, हा खूप महाग असेल."

"त्याचं सोड. कशी आहे?"

"ब्युटिफुल आहे. पण..." तिनं माझ्याकडे बघितलं. "जंगलात नाय चालत इतका मोठा. मी आठवाला वापरते. डोंगरावर दहा."

"बारा हे आठपेक्षा जास्त असतात, एवढं गणित येतं मला."

"जवळ दिसतो, बाबा, पण थोडाच दिसतो. अँड तो हलतो. हात जरासा हलला की पिक्चर बारा पट हलतो. स्टँड लागतो त्याला."

हात म्हटल्यावर सुहासचा डावा हात टेबलाखाली गेला.

"जरा जास्त लांबचं बघितलं तर बिघडतं कुठे?" तो म्हणाला.

"बिघडतं ना. झाडीत मला मादी दिसली, मस्त क्लिअर. पण तिचा बाजूला पिल्लू असतो, तो त्या छोट्या गोलात येतच नाय. मी मादी मारली, तर तो पिल्लू एकटा राहतो, हिवाळ्यात उपाशी मरतो. सो आम्ही आधी पिल्लू घेतो, म्हणजे मारतो, मग आई. त्यासाठी दोघं एकदम दिसायला पाहिजे."

"आधी पिल्लू," सुहास हळूच म्हणाला.

"हो बाबा."

आई गं! वाटलं, आता भडका उडणार, पंचशील निघणार, आणि आम्ही उद्याच्या ट्रेननं परत. पण सुहास उठला, ताटं उचलायला लागला, आणि पाठमोराच म्हणाला, "उद्या एकदा नेऊन तर बघ. नाही आवडली तर बदलून आणू."

"नेते ना," ती म्हणाली. "दोन्ही नेते."

सकाळी ती वर डोंगरावर गेली, कळप कुठे उतरलाय ते बघायला. आम्हाला सांगितलं, खालच्या ओढ्याकाठचा रस्ता सेफ आहे, तिथे फिरा. सुहास इतका खुशीत होता की मला बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. तिनं दुर्बीण नेली म्हणून नुसता फुलला होता. ऑफिसमधल्या गोष्टी सांगत होता, तिथल्या इंद्रजितची नक्कल करत होता, मला हसवत होता. भुर्जाची झाडं, पिवळी पडलेली नेची, आणि कुठे माणूस नाही. मी म्हटलं, "आज सांगून टाक तिला. जमलंय की तुमचं."

"अजून नाही. बोलू दे जरा."

"सुहास, माझ्याच्यानं होत नाहीये रे आता."

"थोडं थांब." असं म्हणून तो परतीला वळला.

मालविका दुपारी आली. बूट दारात काढले, रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं, हात धुतले. मी चहा ओतला. ती बापासमोर बसली आणि काही प्रस्तावना नाही, काही नाही, सरळ विचारलं.

"बाबा, डावा हात कधीपासून?"

मी चहाची किटली तशीच धरून उभी.

"काय डावा हात?" सुहास म्हणाला.

"मी वरून तुला बघितला. आधी तू दिलेल्या ट्वेल्व्हमधून. तुझा चेहरा दिसला, हसत होतास. मला छान वाटला. पण फार हलत होता, मग मी माझा आठवाला घेतला. त्यात तू पूर्ण दिसलास, डोक्यापासून पायापर्यंत, आई पण दिसली. तुझा उजवा हात चालताना हलतो. डावा हलतच नाय. डावा पाय घासतो. अँड वळताना तू छोटे छोटे स्टेप्स घेतलास."

"थंडी किती आहे इथे! गारठलो होतो."

"बाबा, मी दिवसभर हेच बघते. शंभर जनावरांत कोण वेगळा चालतो. हे माझा काम आहे."

"सांधे धरलेत. वय झालं."

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र अजून शांत ठेवला होता तिनं. "आई?"

सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता. पाच महिने पाळला होता. आणि त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, इतकी कीव आली, की किटली मी आदळलीच टेबलावर.

"खड्ड्यात गेला तुझा शब्द! पार्किन्सन्स आहे त्याला. जूनपासून माहितीये. तुला सांगू नको म्हणाला."

मग सुहासनं घसा साफ केला. त्याचा आवाज हॉलवर बोलतो तसा, मोजून मापून.

"असं वेगळं चालणारं दिसलं की काय करता तुम्ही?"

"बाबा, प्लीज."

"विचारतोय. तुझं काम समजून घेतोय."

"त्याला आधी घेतो," ती म्हणाली. "तो हिवाळा काढणार नसतो. मागे पडतो, कळप त्याला सोडून जातो. त्याचे हाल होऊ नये म्हणून."

"हं," सुहास म्हणाला. "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" मी ओरडले. "काय बरोबर आहे रे यात?"

मालविकानं ओल्या बाहीनं डोळे पुसले. "मी घरी येते. नोटीस देते उद्या. रीडिंगमध्ये नोकरी मिळेल मला."

"नाही." त्यानं टेबलावर उजवी मूठ आपटली, कप हिंदकळले. "हेच नको होतं मला. तुझं काम सोडायचं नाही. मी जे बोललो ते... ते मी बोललो, झालं. पण माझी दया येऊन तू परत यायचं नाहीस, मालू. मला तुझी दया नकोय."

पोरगी उठली. माझ्यासारखीच आहे ती, राग आला की उभी राहते. आणि अख्ख्या दीड वर्षात बोलली नव्हती इतकं स्वच्छ मराठी बोलली.

"दया आली की मी गोळी घालते, बाबा. रोज घालते. ही दया नाहीये."

मग सुहासनं टेबलाखालचा डावा हात वर आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तो थरथरत होता, आणि पहिल्यांदाच त्यानं तो दाबून धरला नाही. मालविका हळूच खाली बसली. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो आणि चहा गार होऊन गेला.