पुसून लख्ख

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि मला कोणाची कीव नको. अडगळीतले कंदील, मोडक्या छत्र्या तुम्हाला आपली रडगाणी ऐकवतात, तशी मी ऐकवणार नाही. मला भांडायचे आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. नळ्या सरळ आहेत ना, हे तो एक डोळा मिटून पुन्हा पुन्हा बघायचा. मी कशासाठी जन्माला येते आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. खिळा ठोकण्यासाठी कोणी इतकी मेहनत घेत नाही.

मग मी एका बँकेच्या रखवालदाराच्या नावावर आले. सव्वीस वर्षे त्याच्या खांद्यावरून बँकेच्या दाराशी पहारा दिला. एकही गोळी झाडली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांचे कौतुक केले आणि तो मला घरी घेऊन आला.

त्या घरात माझ्याइतकी निगा कोणाचीच राखली जात नव्हती. बायकोच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, पण मी मात्र लख्ख! मला पुसायची वेळही ठरलेली होती. बायको बोलू लागली, की. बहिणीकडे चार दिवस जाऊ का, एवढे तिने विचारायचा अवकाश, तो मला भिंतीवरून काढी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरी, तेलाची बाटली शेजारी ठेवी आणि शांतपणे म्हणे, "बोल, ऐकतोय मी." मग ती काही बोलत नसे. मुलीनेही बाहेरगावच्या नोकरीचा विषय असाच गिळून टाकला.

मागच्या हिवाळ्यात तो आजारपणाने गेला. त्याच्या धाकट्या भावाला मी हवी होते, पण त्यासाठी वहिनीची सही लागणार होती. सही नसेल, तर पोलिसांनी माझे तुकडे करायचे, असा नियम. सगळे पोलीस ठाण्यात जमले. टेबलावर मी, एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला ती आणि मुलगी.

दीर तावातावाने माझी वकिली करू लागला. बंदूक बिचारी मुकी, तिचा काय दोष? सुरीनेही माणूस मरतो, म्हणून कोणी सुरी टाकून देतो का? वाईट असेल तर माणसाचा हात. आणि दादाने तर आयुष्यात एक गोळी झाडली नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, सुरी दिवसभर कांदा चिरते! मी काय चिरते? मारायचे, नाहीतर मारण्याचा धाक घालायचा, हेच माझे काम. बँकेच्या दारातही मी तेच करत होते. तिथे धाक चोरांना होता, एवढाच फरक.

अधिकाऱ्याने अर्जातला रकाना वाचला. शस्त्राचा गैरवापर झाला आहे काय? 'नाही' लिहायला त्याने पेन टेकवले.

"थांबा," ती म्हणाली. "हे तिला सारखं पुसायचे."

"मग चांगलंच की, बाई."

"माझ्यासमोर बसून पुसायचे. मी बोलायला लागले की."

दीर म्हणाला, वहिनी, ती भरलेली कधीच नसायची.

"ते तुम्हाला माहीत, भावजी. मला विचारायची हिंमत नव्हती."

अधिकाऱ्याने पेन कागदावरून उचलले. मग त्याने हळूच विचारले, गैरवापर झाला, असे लिहू का?

"नको," ती म्हणाली. "वापर झाला, असं लिहा."

सही तिने केली नाही. पुढच्या आठवड्यात मला करवतीने कापणार आहेत, आणि कापूच देत. मित्रांनो, आमची काळजी घ्या, असे सगळ्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात. माझी घेऊ नका. मला तेल लावू नका आणि मी निर्दोष आहे, असे तर माझ्या तोंडावर मुळीच म्हणू नका. कोणाच्या घरी अशी लख्ख पुसलेली बंदूक दिसली, तर तिचे कौतुक करत बसू नका. टेबलापलीकडे कोण बोलता बोलता गप्प झाले, ते बघा. आणि त्या माणसाला विचारा, तुम्ही काय म्हणत होता?