एका दांडीची रेंज

अनुजानं उघडा लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ती पलंगावर चढून उभी राहिली. पंख्याच्या पात्यांखाली वीतभर अंतरावर पडदा उजळला, कोपऱ्यातली रेंजची दुसरी दांडी क्षणभर भरली आणि पुन्हा विझली.

"गणपती आणल्यागत काय धरलंयस त्ये?" दारातून आई म्हणाली. लेकीच्या कामातलं आक्काताईंना काही कळत नसे, पण लेकीचा चेहरा कळे. म्हणून लसूण सोलायचा सोडून त्या सकाळपासून तिसऱ्यांदा पुढच्या खोलीत आल्या होत्या.

"आई, पंखा बंद कर आधी."

"पंख्यानं रेंज उडून जाती व्हय?"

"डोकं उडंल माझं."

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. बाराला परीक्षा. पुण्याच्या एका कंपनीला शालेय पुस्तकं तपासणारी, घरी बसून काम करणारी माणसं हवी होती. आधीच्या दोन फेऱ्यांत चारशेतले नऊ उरले होते आणि त्या नवांत अनुजा होती. परीक्षेच्या पानावर बाराच्या आत चार खुणा हिरव्या व्हायला हव्या होत्या. कॅमेऱ्याची झाली होती, माइकची झाली होती, चार्जिंगचीही झाली होती. इंटरनेटची खूण सकाळी नऊपासून तांबडी ती तांबडीच. बारा वाजता पान बंद होईल आणि पुन्हा संधी मिळणार नाही, हे कंपनीनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सभ्य माणसं नाही म्हणायचं असलं की ठळक अक्षरं वापरतात.

अनुजा एकोणतीस वर्षांची होती. सहा वर्षं ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे दर जूनला नव्यानं उमेदवार होत होती. येत्या रविवारी तिला बघायला मुरगूडचे पाहुणे येणार होते. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्याशी सरळ सौदा केला होता. "नोकरी लागली तर मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय लागली तर तू उघडायचं न्हाय."

जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क काढून टाकून पासवर्ड नव्यानं घातला. टीव्ही बंद, आईचा फोन बंद. थेट वायर जोडावी म्हटलं, तर लॅपटॉप इतका चपटा की त्याला वायरीचं भोकच नव्हतं; घेताना याच चपटेपणाचं कौतुक झालं होतं. मोबाइलवर घरात एक दांडी. गच्चीवर चार, पण गच्चीला दार नव्हतं आणि परीक्षेला बंद खोली हवी होती.

तिनं पिराजीला फोन लावला. पिराजी केबलवाला. गेली पंधरा वर्षं शाहूपुरीतल्या घराघरांतून वायरी ओढून तो कुटुंबाकुटुंबाचा जाणकार झाला होता.

"ताई, नेटचा डबा कुठं हाय?"

"मागं. मोटरीच्या खोलीत."

"आणि तुमी?"

"पुढं. रस्त्यावरच्या खोलीत."

"मधी भिंती किती?"

अनुजानं मोजल्या. "तीन. आणि आईची भांड्यांची मांडणी."

"मग रेंज कशी पोचंल? माणूससुदीक धापा टाकंल. डबा मधल्या खोलीत आणा. पयला तिथंच हुता की."

"आप्पा म्हणतात तिथं तापतो. मागं वारा लागतो."

"व्हय, वारा," पिराजी म्हणाला. "मी म्हणलंवतं त्यास्नी, हितं ठेवला तर पुढं काय पोचायचं न्हाय. म्हणालं, पुढं न्हाय पोचलं तरी चालंल."

"असं म्हणाले?"

"ताई, मी केबलवाला. मला वायरीतलंच कळतंय," पिराजी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

खाली रस्त्याला दुकान होतं. 'चौगले पंप आणि सुटे भाग.' दादासो चौगले, म्हणजे आप्पा, गल्ल्यामागं टोपी सरळ करून बसले होते. समोर बाकावर कुरुंदवाडचा एक शेतकरी जळालेली मोटर पायांशी घेऊन बसला होता. दुखणाईत जनावर डॉक्टरकडं आणल्यासारखा.

"आप्पा, मागच्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला?"

"डबा मधल्या खोलीत आणायचाय. तासाभरासाठी."

"डबा हलणार न्हाय."

"मग मी तिथं बसते. परीक्षा बाराला हाय."

"बाराला मला काम हाय तिथं. मोटरी मोजायच्यात."

मोटरी अकरा होत्या. आप्पा रोज बाराला वर जात, खोलीचं कुलूप काढत, आतून कडी लावत आणि अर्ध्या तासानं मोजून बाहेर येत. दोन महिन्यांत एकही वाढली नव्हती की घटली नव्हती.

'हलणार न्हाय' हे ते ज्या सुरात बोलले तो सूर अनुजाला माहीत होता. चार वर्षांपूर्वी याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते असेच बोलले होते. तिचा मोठा भाऊ सम्राट यानं प्रीतीशी नोंदणी लग्न केलं त्या दिवशी. अर्धी गल्ली ऐकत असताना आप्पा म्हणाले होते, मेलो तरी त्याच्या घरचं पाणी पिणार न्हाय. दादासो चौगले शब्दाचा पक्का माणूस आहे, असं शाहूपुरीत सगळे म्हणत; आणि सगळे म्हणत असले की माणसाला पक्कं राहावंच लागतं.

या उन्हाळ्यात सम्राटनं बिऱ्हाड हलवलं ते नेमकं मागच्या बोळापलीकडच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. तिचं दार पलीकडच्या रस्त्याला, पण मागची खिडकी चौगल्यांच्या मोटरीच्या खोलीसमोर. मधलं अंतर आठ फूट. सामान आलं त्या दिवशी आप्पांनी सुतार बोलावून आपल्या खिडकीला प्लायवूडचं फळकूट ठोकून घेतलं. सुताराचं झाल्यावर स्वतः आणखी चार खिळे मारले, बोळापलीकडं ऐकू जातील असे. त्यानंतर काही दिवसांनी खोलीला कुलूप लागलं. मग एक दिवस इंटरनेटचा डबा त्या खोलीत गेला. या तीन गोष्टींची बेरीज घरात कुणी केली नव्हती. अनुजा दिवसभर कॉलेजात. आणि आक्काताई म्हणत, माझं गणित पहिल्यापासून कच्चं.

अकरा पस्तीस. अनुजानं वाद घातला नाही. तिनं लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला आणि पडदा शेतकऱ्याकडं वळवला.

"पावणं, हे तांबडं दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की."

"पंचवीस मिनिटांत हे हिरवं झालं न्हाय, तर रविवारी मी मुरगूडच्या पावण्यांपुढं पोहे घेऊन जाणार. मला तिकडं जायचं न्हाय. आप्पांनी किल्ली द्यायची का न्हाय, तुमीच सांगा."

शेतकऱ्यानं तांबड्या खुणेकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, शेवटी मालकाकडं.

"द्या की वो किल्ली," तो म्हणाला. "मोटरी काय पळून जात्यात व्हय?"

परक्या माणसासमोर आप्पांना कंजूष दिसायला आवडत नसे. ते उठले. किल्ली मात्र त्यांनी दिली नाही. "मीच उघडतो," म्हणाले, आणि गुडघा धरत जिना चढू लागले.

दार उघडलं तेव्हा आतून उजेड आला. अनुजाला आधी तेवढंच कळलं, की बंद खोलीत उजेड आहे. फळकूट भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. उपसलेले खिळे सरळ करून एका डबीत. खिडकीच्या गजांना मोटरीच्या तांब्याच्या तारेनं डबा बांधलेला, आणि त्याच्या दोन्ही शिंगांची तोंडं बाहेर, बोळाकडं वळवलेली. पलीकडच्या खिडकीत हिरवा पडदा अर्धा सरकवलेला होता आणि दोरीवर दोन-तीन वर्षांच्या पोरीचे झगे वाळत होते.

फळकुटाची आतली बाजू आता तिच्याकडं होती. त्या बाजूवर खडूनं, हातभर उंचीच्या अक्षरांत, घरचा पासवर्ड लिहिलेला होता. आठ फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता यावा इतका मोठा.

आक्काताई मागून आल्या. त्यांनी खिडकीकडं पाहिलं नाही. खिडकीखालच्या पाटाकडं पाहिलं.

"माझा पाट हितं हाय व्हय? दोन महिनं हुडकाया लागलीय."

आप्पा भिंतीकडं तोंड करून मोटरी मोजू लागले. "एक. दोन. तीन."

पाणी पिणार नाही, एवढंच ते म्हणाले होते. बाकीचं काही बोलले नव्हते. शब्दाच्या पक्क्या माणसाला शब्दाबाहेरची जागाही नेमकी माहीत असते.

ती मोटरीच्या खोक्यावर बसली. नजर बोळाकडं जाऊ नये म्हणून पाठ खिडकीकडं केली. दांड्या एकामागून एक भरल्या. अकरा अठ्ठेचाळीसला चौथी खूण हिरवी झाली.

पानावर नियम आले. खोलीत दुसरी व्यक्ती नको. दुसरा आवाज नको. नजर पडद्यावरून हटता कामा नये. तीन इशारे झाले की परीक्षा बंद. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट उघडली. तिच्यात तिचा चेहरा दिसत होता, खांद्यावरून मागची खिडकी दिसत होती, आणि दारात आप्पा. पहिला इशारा तिथंच मिळाला.

"आप्पा, जा. तुमी दिसताय त्यात."

"बाराला..." आप्पा म्हणाले.

"काय?"

"काय न्हाय." त्यांनी दार ओढून घेतलं, पण पावलं लांब गेली नाहीत.

बारा वाजले. पहिला प्रश्न एका उताऱ्याचा होता, दुसरा शुद्धलेखनाचा. तिसरा ती वाचत होती तेव्हा पाठीमागून, बोळापलीकडून हाक आली.

"आज्जाऽ"

पडद्यावर तांबडी पट्टी आली. अनोळखी आवाज. दुसरा इशारा.

अनुजाला मान वळवता येत नव्हती. काडेपेटीएवढ्या चौकटीत, तिच्या खांद्याच्या वर, पलीकडच्या गजांवर दोन छोटे हात दिसत होते. तोंड दिसत नव्हतं, केसांचा झुपका दिसत होता. रोजच्या वेळेला रोजचं माणूस आलं नव्हतं आणि त्याच्या जागी कुणाची तरी पाठ होती. पोरगी बघत होती. आता एक हाक आली की सहा वर्षं आणि नवातली जागा एका शब्दात संपणार होती, आणि तो शब्द बोलणारीला धड तीन वर्षंही झाली नव्हती.

दाराबाहेर कुजबूज झाली.

"फोन लावू का प्रीतीला?" आईचा आवाज. "हाय माझ्याकडं नंबर."

गणित कच्चं असलेल्या बाईकडं आप्पा चार वर्षांनी नीट बघत असावेत.

"फोनवरनं कुणाचं ऐकती व्हय पोरगी," आप्पा म्हणाले. "रडून हुबं गाव गोळा करंल."

मग जिना वाजला. एक पाऊल जड, एक हलकं, दुखऱ्या गुडघ्याचं. दुकानातून शेतकऱ्याचा आवाज आला, "मालक, मोटर?"

पलीकडच्या दाराला जायचं तर पुढच्या रस्त्यानं गिरणीपर्यंत जायचं, वळायचं, आणि मागच्या रस्त्यानं परत यायचं. चांगल्या पायाच्या माणसाला पाच मिनिटं. त्या रस्त्यानं आप्पा उन्हाळ्यापासून गेले नव्हते. बँकेत जायलासुद्धा लांबून जात. अनुजानं तिसरा प्रश्न सोडवला. चौथा. चौकटीतल्या पोरीनं हनुवटी गजावर टेकवली होती. मधेच तिनं छातीत हवा भरली. अनुजानं ओठ दातांत धरला. पोरीनं हवा सोडून दिली, नुसतीच. पाचवा प्रश्न दोनदा वाचूनही तिच्या डोक्यात शिरला नाही. तिसऱ्यांदा वाचत असताना चौकटीत काहीतरी पांढरं हललं.

टोपी.

आप्पा पलीकडच्या खिडकीत उभे होते. धाप लागल्यानं त्यांचे खांदे वरखाली होत होते. पोरगी त्यांच्या डाव्या हातावर होती आणि तिनं टोपी पकडली होती. त्यांनी हिरव्या पडद्याकडं उजवा हात नेला. तेवढ्यात बाजूनं एक बांगड्यांचा हात पुढं आला. हातात स्टीलचा ग्लास.

आप्पांनी तो घेतला. उन्हातून आलेल्या माणसाचा हात विचारायच्या आत पुढं होतो. मग एका हातात नात, एका हातात ग्लास, आणि पडदा ओढायला हात उरला नाही. ते तसेच उभे राहिले. त्यांनी ग्लासाकडं पाहिलं, मग बोळापलीकडं, लेकीच्या पाठीकडं.

अनुजानं नजर प्रश्नावर आणली. ओळ न् ओळ वाचली. उत्तर टिपलं, पुन्हा तपासलं.

तिनं कोपऱ्याकडं पाहिलं तेव्हा हिरवा पडदा पुरता ओढलेला होता. गजांच्या आत, पडद्याच्या अलीकडं, कठड्यावर ग्लास ठेवलेला होता. भरलेला की रिकामा, हे एवढ्याशा चौकटीत कळत नव्हतं.