त्रिनेत्राला किल्ला कसा दिसला

सकाळी सात वाजता आमच्या हेलिपॅडच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसायची. लोणावळ्यातले हॉटेलवाले, बंगल्यांचे एजंट, भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांचे दोन-तीन मालक, सगळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे डोळे लावून उभे. पडद्याला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. पडद्यावर एक चक्र गरगर फिरायचं आणि एकदम हिरवं व्हायचं: ‘पवना खोरे मोकळे. उड्डाण करा.’ लोक चक्क हात जोडायचे. मी मागच्या टेबलावर रजिस्टर घेऊन बसलेली. मनात म्हणायचे, अफसाना, बारा वर्षं इथे नोकरी केलीस, आता हेही बघ.

यंत्राचं नाव त्रिनेत्र. आणलं ते एन. सरांनी. घरचं नाव नथू. आधार कार्डाची झेरॉक्स मीच काढली होती. तीन उपग्रह, चाळीस वर्षांचा डेटा आणि वर कृत्रिम बुद्धिमत्ता, असं ते रोज सांगायचे. मग आवाज खाली आणून म्हणायचे, “पण विश्वास पाहिजे. शंकेखोर माणूस जवळ असला की अचूकता घसरते.” हे म्हणताना बघायचे माझ्याकडे. माझ्या सासूच्या गुडघ्यावर फुंकर घालणारा बाबाही अगदी हेच म्हणाला होता. गुडघा अजून तसाच आहे.

त्याआधी आमची पद्धत साधी होती. पवना खोऱ्यातलं धुकं लोणावळ्यात बसून कळत नाही. म्हणून रोज सातच्या आत मी तिकोणा पेठेत बयामावशींना फोन लावायचे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं चहाचं हॉटेल आहे. आधी ख्यालीखुशाली, मग, किल्ला दिसतोय का? टोक दिसलं तर उडायचं, निम्मा दिसला तर थांबायचं, काहीच नाही दिसलं तर आमची पायलट, कॅप्टन यशोधरा, सरळ चहा सांगायची. बारा वर्षांत मावशींचा शब्द चुकला नाही.

त्रिनेत्र आलं आणि आमचे मालक माऊलीशेठ म्हणाले, असलं गावठी काम आता बंद. माझा फोन बंद झाला. यंत्र मात्र महिनाभर एकदाही चुकलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाच माझी लाज वाटायला लागली होती.

मंगळवारी दुपारी सहज मावशींना फोन केला, त्यांच्या लेकीचे, पिंकीचे, दिवस भरत आले होते म्हणून. म्हटलं, रोजचा फोन बंद झाला, चुकल्यासारखं वाटतं.

“बंद कुटं? रोज पावनेसातला येतोय की तुमच्या हापिसातनं,” मावशी म्हणाल्या. “आता बाप्या बोलतो. किल्ला दिसतो का, एवढंच इचारतो आन ठेवतो. तुज्यावानी माणसाची चवकशी न्हाई.”

मी होते तिथेच बसले. म्हणजे तिसरा डोळा तो हाच. नथूसरांनी नंबर आमच्याच रजिस्टरमधून उचललेला. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, आधी थकवाच आला. पुढे मावशी म्हणाल्या की त्या बाप्याला निरोप दे, शुक्रवारी मी इथे नाही, घोरावाडीला पिंकीकडे चाललेय. मग मात्र मी शुक्रवारचं रजिस्टर उघडलं.

शुक्रवारी एका नवरदेवाला पवनेच्या काठच्या रिसॉर्टवर उतरवायचं होतं. बघणारं कुणी नसणार, आणि यंत्र तर बोलणारच. हिरवं झालं की यशोधरा निघणार. त्या खोऱ्यात धुक्यात शिरलं की डोंगर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “शेठ नुसत्या सांगण्यावर ऐकायचे नाहीत. करून दाखवू.”

मावशींना पटवणं जड गेलं. किल्ल्यावरून खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पायलट बाईच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर कबूल झाल्या, तेही एकदाच.

गुरुवारी सात वाजता ऑफिस नेहमीसारखंच भरलेलं. चक्र फिरलं आणि लाल झालं: ‘दाट धुके. तिकोणा अदृश्य. उड्डाण नको.’ नथूसरांनी मान डोलावली, जणू धुकं त्यांनीच घातलंय. मी शेठच्या पुढ्यात फोन ठेवला आणि स्पीकर लावला.

“शेठ, मी यशोधरा. तिकोणा पेठेत बयामावशींच्या शेजारी उभी आहे. लख्ख ऊन पडलंय. किल्ल्याचा बुरूजसुद्धा दिसतोय.”

मागून मावशींचा आवाज आला, “त्या बाप्याला मी आज मुद्दाम न्हाई दिसत म्हणलं. चुकी झाली असंल तर माफी करा.”

एक हॉटेलवाला हळूच हात खाली घेत होता. नथूसर म्हणाले की यंत्र अजून शिकतंय, शिकताना माणसाची मदत लागतेच. मी म्हटलं, शिकू दे की. मग पडद्यावर मावशींचं नाव लिहा. शेठनी हार काढावा, तर नाही. उलट म्हणाले, उद्या फोनशिवाय चालवून दाखवा. लग्नाचा शब्द दिलाय मी.

माणसाला एकदा हात जोडायची सवय लागली की सुटत नाही. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. शुक्रवारी पहाटेच जीप करून मी पेठेत गेले. मावशींचं हॉटेल बंद होतं. मी बाकावर बसले आणि वर बघितलं. बुरूज नाही, टोक नाही, समोरचं आंब्याचं झाडसुद्धा धड दिसत नव्हतं.

सात वाजता यशोधराचा फोन आला. नवरदेव बसलाय म्हणाली, पडदा हिरवा आहे, सत्त्याण्णव टक्के खात्री दाखवतोय.

“अफसाना, किल्ला दिसतोय का?”

“नाही गं. काहीच दिसत नाही.”

“मग मी नाही निघत.”

नवरदेव गाडीने गेला. शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र हार केराच्या टोपलीत दिसला.

माझं यंत्राशी वैर नाही. उद्या ते खरंच शिकेल, शिकावं. पण बाबा असो की पडदा, जो कुणी छातीठोक सांगतो त्याला एवढं विचारा: तुला कसं कळलं? विचारलेलं ज्याला चालत नाही, त्याच्या भरवशावर कुणाला आभाळात पाठवू नका.

पिंकीला मुलगी झाली. सोमवारी मावशी परत आल्या आणि सातच्या आत मी फोन लावला. आधी बाळाची चौकशी केली, मग किल्ल्याची.