सात अंशांचा संशय

गोल्फच्या मैदानावरचा बायकांचा सामना तीन आठवड्यांवर आला आणि धाकटीचा खेळ बिघडला. साधासुधा नाही, पार बिघडला. चेंडू कधी डावीकडच्या जाळीत, कधी उजवीकडच्या झाडीत.

हा सामना तिची ताई सलग नऊ वर्षं जिंकत आलेली होती. ताई शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका, आणि धाकटीला गोल्फ शिकवला तो तिनंच. यंदाच्या सरावात मात्र धाकटीनं तिला दोनदा हरवलं होतं. दुसऱ्यांदा हरल्यावर ताई धाकटीच्या हातातल्या, चेंडू टोलवायच्या क्लबकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझा क्लब वर जातो एका वाटेनं आणि खाली येतो भलत्याच. ती तिरकी पातळी एकच राहायला हवी. थांब, काठी लावून देते."

सरावाचं साधन अगदी साधं होतं. जड बैठकीत तिरपी खोचलेली एक काठी आणि तिच्यावर चढवलेली फोमची नळी. क्लब त्या तिरकसपणाला धरून फिरला तर ठीक, वाट चुकली की नळीवर थाड. रोज सकाळी ताई आधी यायची, धाकटीच्या क्लबच्या दांड्याशी ताडून काठीचा कोन ठरवायची आणि बाकावर जाऊन बसायची. धाकटी क्लब फिरवायची, की थाड.

"माझंच चुकतंय का गं?"

"काठी थोडीच खोटं बोलते?" ताई म्हणायची.

धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. तिचा धंदा तसबिरींच्या चौकटी करण्याचा. अर्धा अंश इकडचा तिकडे झाला की चौकटीच्या कोपऱ्यात फट दिसते, आणि ती फट दिवसभर तिच्या डोळ्यांना खुपते. तिनं कारखान्यातलं कोन मोजायचं चपटं यंत्र पिशवीत टाकलं. ताई पाणी प्यायला गेल्यावर ते काठीवर टेकवलं. एक्कावन्न. मग जमिनीवर टेकवून धरलेल्या क्लबच्या दांड्यावर. अठ्ठावन्न.

सात अंश! एवढी चूक ताईच्या हातून?

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ताई गुण स्वतः लिहीत नव्हती, कार्ड हिच्याकडे सरकवायची. लांब गेलेला चेंडू कुठे पडला ते सांगायची नाही, "तूच बघ की" म्हणायची. जेवताना धाकटीनं हे सगळं नवऱ्यापुढे मांडलं.

"तिला हरायचं नाहीये. गोड बोलून माझा हात बिघडवतेय."

"बहीण आहे की सवत?" नवरा हसला. "तिलाच विचार ना सरळ."

तिनं विचारलं नाही. त्याऐवजी पाच दिवस गुपचूप मोजत राहिली. एक्कावन्न, त्रेपन्न, पन्नास. एकदाही अठ्ठावन्न नाही. सहाव्या दिवशी तिचा संयम सुटला. ताई बाकाकडे वळणार तोच तिनं सरावाला आलेल्या सगळ्यांदेखत यंत्र काठीवर ठेवलं.

"ताई, हे मुद्दाम करतेस ना?"

ताईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मुद्दाम? तुझं यंत्र गंडलंय. हे बघ." ती काठीसमोर वाकली आणि रोज काठी लावताना मिटायची तसा, नेम धरावा तसा तिनं डावा डोळा मिटला. "दांडा आणि काठी, दोन्ही एका रेषेत. दिसत नाही तुला? आणि मैदानवाल्यांना सांग, तो जाळीचा खांबही मधेच वाकलाय."

धाकटीनं खांबाकडे पाहिलं. लोखंडी खांब, ओळंब्यासारखा सरळ.

"ताई, आता उजवा मीट."

ताईनं उजवा मिटला. खांबाकडे बघितलं, काठीकडे बघितलं. पुन्हा डावा मिटला. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल."

त्याच दुपारी धाकटी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चौकोनांच्या कागदावर ताईला जसं दिसत होतं तसं काढायला सांगितलं, तेव्हा तिच्या पेन्सिलीनं मधल्या सगळ्या रेषा पोचा आल्यासारख्या काढल्या. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचत होतं. "अजून काही महिने गेले असते तर या डोळ्यानं वाचणं बंद झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती, महिन्याला एक.

सामन्यात ताई उतरली नाही. धाकटी खेळली आणि चौथी आली.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी दोघी दवाखान्यात शेजारी बसल्या होत्या. ताईला दिसणाऱ्या रेषा आता बऱ्याच सरळ झाल्या होत्या. धाकटीला राहवेना.

"ताई, त्या दिवशी बोलले ते रागाच्या भरात नव्हतं. किती दिवस मी तुला लबाड समजत होते. चोरून मोजत होते. घरी तुझ्याबद्दल नाही नाही ते बोलले."

ताईनं चष्मा काढला, पुसला.

"मी रोज काठी नीट लावायची आणि तू नळीवर आपटायचीस. मला वाटायचं, माझी पाठ वळली की तू ती हलवतेस. मी म्हातारी झाले, हे चारचौघांत दाखवायला." ती थांबली. "मीसुद्धा बाकावरून तुझ्यावर नजर ठेवून होते. फक्त नीट दिसत नव्हतं."

धाकटी आधी हसली, मग तिला रडू आलं. नर्सनं दार उघडून ताईला हाक मारली. ताईनं चष्मा धाकटीच्या हातात दिला, "डोळे पूस आधी," म्हणाली आणि आत गेली.