धक्क्यावरची झडती

बेटावर जायचं तर आधी माझ्यासमोर बूट काढावे लागतात. मोठा साहेब असो नाहीतर साहेबाचा मेहुणा, धक्क्यावरच्या माझ्या खोलीत बाकावर बसायचं, बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, खिसे उलटे करायचे आणि पिशवी टेबलावर रिकामी करायची. बेट म्हणजे राखीव उद्यान. बुटाच्या फटीतून परक्या गवताचं एक बी गेलं, तरी चार वर्षांत तिथलं रान गिळून बसतं. म्हणून सापडलेलं बी, माती, मुंग्या, सगळं कोपऱ्यातल्या उकळत्या पिंपात. परत येतानाही तीच झडती. कोणाला तिथला शंख हवा असतो, कोणाला जुन्या घराचं कौल. लोक मला पाठीमागे झडतीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

रोज जेवताना मी घरी दिवसभराची शिकार सांगते. कोणाच्या टोपीत कौल सापडलं, कोणाच्या मोज्यात कुसळं. नवरा नुसता हं हं करतो. सासूबाई तर ताटातून मान वर काढत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी! खरं म्हणजे त्यांचा जन्म त्याच बेटावरचा. पण उद्यान झालं, वस्ती उठली आणि त्यांनी बेटाचं नाव टाकलं. बायका माहेरचं कौतुक सांगून जीव नकोसा करतात, यांच्या तोंडून एक शब्द नाही.

फक्त एकदा त्या जेवता जेवता थांबल्या होत्या. वादळात बेटावरचं शेवटचं दारझाड मुळासकट पडलं, ते मी सांगत होते. पूर्वी तिथे प्रत्येक घराच्या दाराशी एक असायचं, म्हणून ते नाव. दुसरीकडे कुठेच नाही; मी धक्क्यावरची, मीही ते कधी पाहिलं नव्हतं. "आमचे साहेब पोरासारखे रडले हो," मी म्हटलं. सासूबाई भूक नाही म्हणून उठल्या. मला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

पुढे उद्यानाने ठरवलं, जुन्या रहिवाशांना एक दिवस आपापली घरं बघायला न्यायचं. त्या सकाळी मी नेहमीसारखी घाईत निघाले. स्वयंपाकघरात उजेड जरा जास्त वाटला, पण खिडकीकडे बघायला वेळ कोणाला?

रांगेत सासूबाई तिसऱ्या. बूट आधीच काढून हातात धरलेले. मला बरं वाटलं. मग त्यांची पिशवी उघडली. डबा, शाल आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक झाड.

"आई, हे काय?"

"दिसतंय ना तुला."

दिसत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतलं, गुडघाभर उंचीचं ते झुडूप. ना फूल, ना फळ, ना आमटीत टाकायला पान. मी त्याच्यावर फडकी वाळत घालायची.

"रोप बेटावर नेता येत नाही. पिंपात जाईल."

"जाऊ द्या हो, घरचीच माणसं," मागून कोणीतरी म्हणालं.

"घरची म्हणून तर मुळीच नाही!" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत कोणाला सूट दिली नाही आणि आता हिच्या सासूला माफ, अशी रांगभर कुजबुज होणार. मी झाड उचललं आणि पिंपाकडे वळले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"दारझाड आहे ते. आमच्या दारातलं. वस्ती उठली त्या दिवशी फांदी तोडून पदरात लपवून आणली होती."

पिंपाची वाफ तोंडावर येत होती. मी झाड छातीशी धरलं.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोणाशी बोलू? सून घरात आली ती चोर पकडल्याच्या गोष्टी सांगतच. म्हणायचीस, पान जरी उचललं तरी चोरीच."

मी हळूच फडकं सोडलं. मुळं स्वच्छ, पांढरी. मातीचा कण नाही.

"तीन पाण्यांनी धुतलीत," त्या म्हणाल्या. "पानं मागून पुढून पुसलीत. मुंगीचं अंडं निघालं तर टाक पिंपात, मी हूं की चूं करणार नाही."

"हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी म्हणजे? तूच. रोज जेवताना. मी काय बहिरी आहे?"

मी साहेबांना फोन लावला. ते पलीकडून ओरडलेच, "पिंपापासून लांब व्हा आधी!" मग धापा टाकत आले, पानं बघितली, पुन्हा रडले. पण नियम त्यांनाही मोडता येईना. झाड धक्क्यावरच्याच काचेच्या बंद खोलीत राहणार. नवी पालवी फुटून निरोगी ठरलं की मगच बेटावर जाणार, त्याच दाराशी.

"आणि तोवर मी राहिले नाही तर?" सासूबाईंनी विचारलं.

"राहाल हो! मला छळायला कोण येणार दुसरं?" मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

बोटीचा भोंगा झाला. सासूबाईंनी एकदा पानांवरून हात फिरवला आणि झाड माझ्याकडे दिलं.

"आई, माझ्या हातून पुदिनासुद्धा जगत नाही."

"जगेल. सकाळी वाटीभर पाणी घाल. आणि त्याच्याशी बोलत जा."

"बोलू काय?"

"जेवताना बोलतेस तेच. त्याला सवय आहे." बोटीत पाय ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मलाही."

बोट लांब गेली. काचेच्या खोलीत झाड कुंडीत लावलं, वाटीभर पाणी घातलं, समोर स्टूल ओढून बसले. आधी लाज वाटली. मग घसा खाकरला.

"आज काय झालं, माहितीये? धक्क्यावर एक म्हातारी पकडली..."