चौकशी खिडकीचा अहवाल

"बाबा, 'शी आस्क्ड मी व्हेअर वॉज द वॉर्ड' नाही हो! 'व्हेअर द वॉर्ड वॉज'. आणि शेवटचं प्रश्नचिन्ह उडवा."

"प्रश्न विचारलाय, तरी चिन्ह नको?"

"नको. आता ती तुम्ही सांगितलेली हकिकत झाली."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणत बाबांनी खोडरबर उचललं.

दवाखान्याच्या चौकशी खिडकीत बाबा सव्वीस वर्षं बसतायत. आता तिथे माहिती सांगणारं मशीन बसवायचं घाटत होतं. मोठे साहेब म्हणाले होते, आठवडाभर लोक काय विचारतात ते इंग्रजीत लिहून आणा, मग खिडकी ठेवायची की नाही ते ठरवू. बाबांचं इंग्रजी दारावरच्या पाट्यांपुरतं. माझं मात्र यंदा असं सुसाट सुटलं होतं की वर्गात बाई मलाच शिकवायला फळ्यापाशी उभं करायच्या! मी एका बैठकीत सगळा अहवाल चकाचक केला. मंगळवारच्या पानावर एकाच बाईंचा एकच प्रश्न अकरा ओळींत होता. मी दहा ओळी गाळल्या.

बाबांनी पान पाहिलं. "बाकीच्या दहा कुठे गेल्या?"

"एकच तर प्रश्न आहे! अतिदक्षता विभाग कुठे आहे."

"त्यांनी अकरा वेळा विचारला. अकरा वेळा लिही."

"साहेब हसतील, बाबा!"

"हसू देत."

मी गाल फुगवून, पण बिनचूक, अकरा ओळी लिहिल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाबांबरोबर साहेबांच्या खोलीत गेले. इंग्रजीत अडलं तर मी होतेच! मंगळवारच्या पानावर साहेब थांबले आणि खरंच हसले. मी बाबांकडे 'सांगत नव्हते?' अशा नजरेनं पाहिलं.

"या बाईंना तुमचं सांगणं कळलं नाही वाटतं?"

"पहिल्यांदाच कळलं, साहेब. आत त्यांचा मुलगा होता. जिन्यापर्यंत जायच्या आणि माघारी यायच्या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दर वेळी रस्ता सांगितला. बाराव्यांदा आल्या नाहीत. जिना चढल्या."

माझा सगळा तोरा कुठल्या कुठे गेला.

साहेबांनी ते पान पुन्हा वाचलं. "मशीन येणारच आहे. ते दारापाशी बसवू," ते म्हणाले. "खिडकी राहू दे."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाबा मात्र घड्याळ बघत भराभर चालू लागले. खिडकीपाशी चौघं उभे होते. बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि पहिल्या माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत त्याला एकदाही मध्ये तोडलं नाही.