पडून दाखवणारा लाकडी माणूस

"बाबा, हलू नका हं! अगदी तसेच पडून राहा."

मित्रांनो, हा माझ्या मालकिणीचा आवाज. त्या सकाळी ती हे हसत हसत म्हणाली होती. घर शांत असले की अजूनही ते मला ऐकू येते.

मी एक जुना लाकडी माणूस आहे. उंची जेमतेम दीड वीत. मला नाकतोंड नाही. पण मान, खांदे, कंबर, गुडघे सगळे वळते. सुताराने मला कातले, सांध्यांत स्प्रिंगा बसवल्या. चित्रकार मला हवे तसे वाकवतात आणि माझ्याकडे पाहून माणसे काढतात. देव ज्याला त्याला त्याचे काम नेमून देतो. माझ्या वाट्याला पडणे आले.

माझी मालकीण मुलांच्या मासिकात एक चित्रमालिका काढत असे. तिचे नायक गडगडगुरू. पोट सुटलेले, मिशा पिळलेल्या, धंदा ज्युदो शिकवण्याचा. दर अंकात ते ऐटीत डाव दाखवायला जात आणि स्वतःच धपकन आडवे होत. कधी जिन्यावरून, कधी पाण्याच्या टाकीत, एकदा तर स्वतःच्याच कमरपट्ट्यात पाय अडकून. डोक्यावर टेंगूळ, टेंगळाभोवती चांदण्या. पुढच्या चौकटीत स्वारी उभी: "मी मुद्दाम पडलो!" त्यांची एक खोडकर शिष्या होती. ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

हे गुरू म्हणजे मालकिणीचे बाबाच. त्यांनी हयातभर ज्युदो शिकवला. "पडायला आलं की अर्धी विद्या आली," असे म्हणायचे. रोज सकाळी चटईवर पडायचे, पडताना हाताचा तळवा जमिनीवर आपटायचे, म्हणजे मार अंगात जात नाही, आणि उठायचे. तो त्यांचा नेम. अंगात ताप असला तरी मोडला नाही. लेकीला चित्रासाठी नवे पडणे हवे असले की तेच पडून दाखवत. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा ते मला घेऊन आले.

"हा घे माझा बदली कामगार. चहा मागत नाही, उलट बोलत नाही."

"म्हणजे तुमच्यापेक्षा बराच!" लेक म्हणाली.

तरी त्यांना राहवत नसे. अधूनमधून न सांगता दाराशी धपकन पडत, एक डोळा उघडून विचारत, "काढलंस का?"

त्या सकाळीही धपकन आवाज झाला. बाबा दाराशी आडवे. एक हात अंगाखाली, मान वळलेली. लेक हरखली, असे पडणे त्यांनी कधी दाखवले नव्हते. "हलू नका हं!" म्हणत तिने पेन्सिल उचलली. चित्र सुरेख उतरले. मी मेजावरून बघत होतो. तळवा आपटल्याचा आवाज आला नव्हता. पण मला तोंड कुठे आहे?

"झालं, उठा आता," ती म्हणाली. "बाबा? पुरे की हो नाटक."

बाबांचे अर्धे अंग गेले होते.

ते खाटेला खिळले आणि मालिका थांबली. संपादकांचे फोन येत. "ताई, मुलं विचारतात हो, गुरू आहेत कुठे? एक टेंगूळ जास्त काढा, पण हसवा." ती मला वाकवी, पाडी, पण हात कागदावर चालत नसे. शेवटी एकदा मला हातात घेऊनच खाटेशी बसून ती बोलली, "तुम्ही पडलात आणि मी चित्र काढत बसले, बाबा."

बाबांचे तोंड वाकडे झाले होते. शब्द ओढून ओढून येत. "छान... उतरलं का?"

ती रडू लागली. तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यांदा पडला गुरू. लागलं का, असं... कुणी विचारलंच नाही बघ. एकदा विचारू दे कुणाला तरी."

"विचारेल, बाबा. मी काढेन."

पण ते काढायचे म्हणजे त्या सकाळकडे पुन्हा बघायचे. काही दिवसांनी बाबा देवाघरी गेले. तिने खोलीला कडी घातली. खिडकीच्या वाऱ्याने मी मेजावरून खाली आलो, घरंगळत दाराशी गेलो आणि तसाच राहिलो. अंगावर धूळ बसली, मानेची स्प्रिंग आखडली. एकदा दाराबाहेर संपादकांचा आवाज आला. "या अंकात गुरू नसतील तर मालिका बंद करावी लागेल. राग मानू नका ताई, मुलं लवकर विसरतात."

आज कडी निघाली. हातात केरसुणी घेऊन ती आत आली आणि थबकली. मी दाराशीच पडलो होतो. एक हात अंगाखाली, मान वळलेली.

तिने मला उचलले नाही. केरसुणी बाजूला ठेवून ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. अगदी हळू म्हणाली, "लागलं का रे?"

मित्रांनो, मी जन्मभर पडत आलो. हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारला. कुणी पडले की हसू येतेच, येऊ दे. पण हसणाऱ्यानेच आधी जवळ जावे, एवढेच माझे मागणे आहे. लाकडालासुद्धा बरे वाटते हो.

मग तिने त्या सकाळचे चित्र कपाटातून काढले आणि माझ्याशेजारी ठेवले. कोरा कागदही जमिनीवरच अंथरला. त्यावर गुरू काढले. आज टेंगूळ नाही, चांदण्या नाहीत. पडलेल्या गुरूंशेजारी तिने एक जागा मोकळी सोडली, त्या हसऱ्या शिष्येला गुडघे टेकता येतील एवढी. पदराने डोळे पुसले, आणि पेन्सिलीला टोक करायला घेतले.